शून्याच्या खाली

सड्यावर विमान सपाट उभं करायचं म्हणजे
पुढच्या चाकातली हवा थोडी सोडायची,
डाव्या चाकाखाली फळी सारायची
आणि गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा
मध्यावर येईतो गप्प राहायचं.

बस्त्यांव लोबो गप्प राहण्यात तरबेज.
तीस वर्षं वेंगुर्ले बंदरात ट्रॉलरची इंजिनं खोलली,
आता म्हणतो, पंखांची एकच होडी सांभाळतंय.

आज टाक्या रिकाम्या करायच्या.
निळसर धार बारीक होत गेली, तुटली,
थेंब झाली. मग थेंबही थांबले.
आत काटा केव्हाचा शून्यावर टेकलेला.
"संपलं?" मी विचारलं.
त्यानं पंखाचं टोक धरून हलकेच हलवलं.
आत काहीतरी डुचमळलं.
"ह्या रवता," म्हणाला. "ह्या आपला न्हय."

दोन्ही पंखांत मिळून अकरा लिटर.
नळीच्या तोंडाखाली साचलेलं, इंजिनापर्यंत न पोचणारं.
कागदावर ते विमानाच्या रिकाम्या वजनातच धरतात,
रिव्हेटांसारखं,
सीटच्या उसवलेल्या रेक्झिनसारखं.
देवगडपर्यंत नेतो, परत आणतो,
जाळत कधीच नाही.

काट्याचं काय सांगावं.
टाकीत एक बूच तरंगतं, त्याला तार,
तारेच्या हालचालीवर काट्याची हालचाल.
बूच जडावतं, तार वाकते,
वळण घेतलं की सगळं एका कुशीला जातं
आणि काटा मिनिटभर श्रीमंत होतो.
कॅप्टन आरोलकर म्हणतात,
हा एकदाच खरं बोलायला बांधील आहे,
टाकी संपल्यावर.

आता उलट काम. पाच लिटर ओत,
काठी बुडव, ओल वाच.
ओल वाचायला दीड श्वास मिळतो,
मग सड्यावरचा वारा ती पुसून टाकतो.
फणसाची पिवळी काठी, चाकूची खाच.
"काटो खोटा सांगता," बस्त्यांव म्हणतो,
"काठी सांगणा नाय."

पाच ओतले. काठी कोरडी.
आणखी पाच. कोरडी.
आणखी पाच. बुडाला ओल लागल्यासारखी,
की घामच माझ्या बोटांचा.
पंख टोकाशी उचललेला, म्हणून पहिलं इंधन
मुळाशी जाऊन बसतं, झाकणापासून लांब.
काठी खोटं बोलत नाही हे खरं.
ती गप्प बसते.

पुढच्या खाचा मग भराभर आल्या,
पण एकसारख्या अंतरावर नाहीत.
आणि डाव्या पंखाची काठी उजव्याला चालत नाही,
म्हणून तिच्या टोकाला लाल दोरा.

खाच पाडता पाडता मला डिसेंबर आठवला.
उशीर झाला होता, म्हणाले, राहू दे काठी,
काटा अर्ध्यावर आहे की.
निवतीच्या दीपगृहावरून जाताना अर्ध्यावर,
येतानाही अर्ध्यावर,
आणि मी वेडी, खुशीत, खाली डॉल्फिन शोधत होते.
उतरल्यावर बस्त्यांवनं न बोलता काठी टाकली,
वर काढली, माझ्यासमोर धरली.
दोन्ही पंख. कोरडी.
त्या रात्री जेवण गेलं नाही.

आज कळतंय,
कोरडी म्हणजे बारा असतील,
चार असतील, किंवा नुसतं ते, जे आपलं न्हय.
त्याला तेव्हाही माहीत असणार.
विचारलं, तर तो बाटलीत तळाचा गाळ काढत होता,
उजेडाकडे धरून पाण्याचा एक मणी बघत होता
निळ्याच्या खाली, गोल, हट्टी.
"त्या दिसा किती होता?"
"पुरला मा?" म्हणाला,
आणि बाटली हिसळायला गेला.

संध्याकाळी उतारावर स्कूटरचा काटा लाल पट्टीत.
मी थांबले. झाकण उघडलं,
हँडल धरून स्कूटर हलवली,
कान लावला.
हाताला अजून वास होता.
मग निघाले.